ताप उतरतो, नोंद संपते, दुखणं राहतं: सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
मा. सहसंचालक, आरोग्य सेवा (हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग), पुणे

विषय: चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहणाऱ्या सांधेदुखीची नोंद व उपचार

सन्माननीय महोदय, महोदया,

जून हा आपला हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना. या दिवसांत आरोग्यसेवक घराघरांतल्या टाक्या तपासतात, ॲबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध टाकतात, डबक्यांत गप्पी मासे सोडतात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोरडा दिवस पाळायची सूचना लागते. पुढे तापाचे रुग्ण वाढले की आशाताई दारोदार फिरून विचारतात, "ताप आहे का कुणाला घरात?" हे काम किती कष्टाचं आहे ते मी जवळून पाहते आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं म्हणणं त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. ताप उतरला की माणूस आपल्या नोंदींतून बाहेर पडतो. चिकुनगुनियाच्या पुष्कळ रुग्णांचे खरे हाल मात्र तिथून पुढे सुरू होतात, आणि त्या हालांची नोंद घेणारा एकही रकाना आपल्या कुठल्याच फॉर्ममध्ये मला सापडलेला नाही.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे लोक बहुतेक शेतात राबणारे, ऊसतोडीला जाणारे, दोनचार म्हशींवर घर चालवणारे. पावसाळा संपत आला की त्यांच्यात एक ठरावीक तक्रार वाढते. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ जाते. घोटे सुजलेले, मनगट वळत नाही, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. "ताप कधी आला होता?" असं विचारलं की उत्तर येतं, "गणपतीच्या सुमारास." आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिना असतो डिसेंबर.

वैद्यकशास्त्रात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तिला स्वतःचा कोड आहे. चिकुनगुनियाच्या जुनाट टप्प्याची सीमाही तीन महिन्यांचीच धरली जाते. असं दुखणं किती जणांना राहतं याचे आकडे देशागणिक आणि साथीगणिक बदलतात, पण चारांत एक ते दोनांत एक या पट्ट्यात ते पुन्हा पुन्हा सापडतात. चाळिशी ओलांडलेल्यांना जास्त, बायकांना जास्त, ज्यांचे सांधे आधीपासून दुखत होते त्यांना जास्त, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांच्या सांध्यांची अवस्था फार वाईट होती त्यांना जास्त. म्हणजे कुणाला राहणार याचा अंदाज तापातच बराचसा येऊ शकतो.

हे दुखणं कुठून येतं तेही बरंचसं ठाऊक आहे. विषाणू सांध्याच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतो, तिथे दाह पेटतो, आणि रक्तातून विषाणू गेल्यावरही तो दाह शमत नाही. काही रुग्णांच्या सांध्यांच्या अस्तरात विषाणूचे अंश कित्येक महिन्यांनी मिळालेले आहेत. काहींची अवस्था संधिवातासारखीच दिसते: दोन्ही हातांची तीच तीच बोटं सुजलेली, सकाळी तासाभराहून जास्त आखडलेपण. पण रक्तातली आरए, म्हणजे संधिवाताची, तपासणी बहुतेक वेळा निगेटिव्ह येते, एक्स-रे साफ असतो, युरिक ॲसिड आणि एएसओ या रक्ततपासण्यासुद्धा, ज्या करायची फारशी गरजही नसते, ठीक येतात. मग अशा बाईच्या हातात रिपोर्टांची पिशवी आणि "सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य एवढंच पडतं. घरी गेल्यावर ते वाक्य तिच्याच विरुद्ध वापरलं जातं. रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मग भाकऱ्या का होत नाहीत?

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण जीवनमान हा शब्द अहवालांत फार सहज येऊन जातो आणि त्यात काय काय मोडतं ते दिसत नाही.

भाकरी थापायला तळहात पूर्ण उघडावा लागतो आणि मनगटाला जोर लागतो. धुणं पिळायला मूठ घट्ट लागते. म्हशीची धार काढायला बोटांत एका लयीत ताकद लागते, आणि ती तुटली की म्हैस पान्हा चोरते. दूध कमी, डेअरीचं बिल कमी. खुरपणी उकिडवं बसून करायची असते, आणि घोटे, गुडघे सुजलेल्या बाईला उकिडवं बसता येत नाही. तिला संडासातही बसता येत नाही. ही गोष्ट ती पहिल्या भेटीत सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, कुणी ऐकत नाही असं पाहून सांगते की ती पाणी कमी पिते, रात्रीचं जेवत नाही, म्हणजे जावं लागणार नाही. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मोठा आधार झाला. पण गाडीची पहिली पायरी उंच असते आणि मागून माणसं ढकलत असतात, म्हणून त्यातल्या काही जणी येणंच सोडून देतात. अंगणवाडीच्या एक ताई मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप भरताना अंगठा दुखतो म्हणून मुलाला शेजारी बसवतात.

ऊसतोडीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दरवर्षी हजारो जोडपी कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या कोयत्यावर घेतलेली असते. साथीचा जोर असतो ऑगस्ट ते ऑक्टोबर. गाळप सुरू होतं दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे ज्या आठवड्यांत सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत ऊस तोडणाऱ्या बाईने पहाटेच्या थंडीत कोयता चालवायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढायची. एकीचा हात चालत नसेल तर पूर्ण कोयत्याची कमाई घटते, उचल फिटत नाही, आणि पुढच्या हंगामाचं ओझं आतापासूनच उभं राहतं. या बायकांना "आराम करा" असा सल्ला द्यायला माझी जीभ वळत नाही.

यानंतर येतं ते मनाचं. झोप तुटलेली, घरात आळशी म्हणून ऐकून घ्यायचं, नवऱ्याची चिडचिड, आणि हे संपणार कधी याचा कुणालाच पत्ता नाही. औषध लिहून देणारे तिला गुडघ्याबद्दल विचारतात, हातांबद्दल विचारतात. "झोप लागते का? रडू येतं का?" हे क्वचितच कुणी विचारतं.

आता आकड्यांकडे येते, कारण शासन आकड्यांवर चालतं आणि चालावंही.

भारतात चिकुनगुनियाची पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली. आपल्या राज्यात १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली, तेव्हा सर्वेक्षणात तिथले तिघांत एकाहून जास्त लोक आजारी पडलेले आढळले होते. त्यानंतर तीन दशकं हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला. २००५ च्या शेवटी तो परतला आणि २००६ मध्ये देशभर जवळपास १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात अडीच लाखांहून जास्त महाराष्ट्रातले. अधिकृत मृत्यू नाहीत. (त्याच वर्षी अहमदाबाद शहरात साथीच्या महिन्यांत नेहमीच्या अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासकांनी मृत्यू-नोंदींवरून दाखवून दिलं, ते वेगळं.) मृत्यू नाहीत, म्हणून हा आजार सौम्य अशी समजूत प्रशासनात घट्ट बसली.

पण त्याच २००६ च्या साथीचा दुसऱ्या मापाने हिशेब झालेला आहे. आजारपणाने आणि अपंगत्वाने माणसाच्या आयुष्यातली निरोगी वर्षं किती वाया गेली, या मापाने. देशाची मिळून २५,५८८ निरोगी वर्षं त्या एका साथीत गेली असा तो अंदाज आहे, आणि त्यातला ६९ टक्के वाटा रेंगाळलेल्या सांधेदुखीचा होता. बुडालेल्या कमाईचा अंदाज कमीत कमी ३९ कोटी १० लाख रुपये. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराच्या ओझ्यापैकी दोन-तृतीयांशांहून जास्त ओझं ताप गेल्यानंतरचं आहे, हे तेव्हापासून कागदावर आहे. तरीही संशयित किती, नमुने किती तपासले, बाधित किती, मृत्यू किती, एवढ्याच चौकटीत आपण या आजाराकडे पाहत आलो. २०१६ मध्ये पाहिलं, २०२४ मध्ये पुणे, नागपूर आणि इतर ठिकाणी रुग्ण वाढले तेव्हाही तसंच पाहिलं. त्या वर्षी लोकांच्या नाकावर काळसर डाग पडले म्हणून बातम्या झाल्या. डाग दिसतात. आखडलेली बोटं फोटोत दिसत नाहीत.

शिवाय बाधितांचा आकडा मुळातच अपुरा असतो. आयजीएम या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून ठरलेल्या सेंटिनल, म्हणजे साथीवर लक्ष ठेवणाऱ्या, केंद्रांना जातात आणि तिथे तपासलेला नमुनाच मोजला जातो. साथीत एकाच घरातले चारपाच जण पडतात, तेव्हा एकाचं रक्त घेतात, बाकीच्यांना लक्षणांवरून औषध मिळतं, आणि ते योग्यही आहे. पण डिसेंबरात त्या बाकीच्यांपैकी कुणी दुखणं घेऊन गेलं तर त्यांच्याकडे चिकुनगुनिया झाल्याचा एकही कागद नसतो. मग वातापासून वयापर्यंत सगळी कारणं सांगितली जातात.

या काळात लोक काय करतात, ते सांगणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ते गोळी विकत घेतात. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मिळतं, सकाळ-संध्याकाळ खाल्लं जातं, महिना-महिना. तापाच्या पहिल्या दिवसांत, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, या गटातली औषधं टाळून पॅरासिटामॉलवर राहायचं असतं, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. पुढे महिनोन्‌महिने तीच औषधं घेतल्यावर जठरात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि जी बाई उन्हात ऊस तोडते, दिवसभर पुरेसं पाणी पीत नाही, संडासला जावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी पिते, तिच्या मूत्रपिंडाला तो ताण दुप्पट जाचतो.

नाहीतर ते पुडीवाल्याकडे जातात. बाजाराच्या दिवशी, जत्रेत, कधी थेट घरी येऊन, सांधेदुखीवर हमखास म्हणून काळी-तपकिरी पावडर किंवा बिनलेबलच्या गोळ्या विकल्या जातात. दोन दिवसांत आराम पडतो. इतका आराम इतक्या लवकर पडला की मला स्टेरॉइडची शंका येते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चेहरा गोल होऊन सुजलेला, साखर वाढलेली, कातडीवर साधा धक्का लागला तरी निळं पडलेलं असं माणूस समोर येतं तेव्हा शंकेला जागा उरत नाही. काही दवाखान्यांत हेच काम इंजेक्शनने होतं. स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही. दाह फार असेल तर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी, कमी मात्रेत, हळूहळू उतरवत देतात. घात होतो तो काय घेतोय हे न कळता महिनोन्‌महिने घेण्यात, आणि पैसे संपले म्हणून एका दिवशी एकदम बंद करण्यात. एकदम बंद केल्यावर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतं, हे अशा रुग्णाला कुणी सांगितलेलं नसतं.

उपचार नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. फ्रान्सच्या ताब्यातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून जास्त लोकांना हा आजार झाला. त्या अनुभवातून तिथल्या डॉक्टरांनी तीन टप्पे आखले: पहिले २१ दिवस, तिथून तीन महिन्यांपर्यंत, आणि त्यापुढे. कुठल्या टप्प्यात काय तपासायचं, काय द्यायचं, कधी संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं, हे २०१४ मध्ये फ्रान्सने मार्गदर्शक सूचनांत लिहून काढलं. आपल्याकडेही पुण्यातल्या संधिवात केंद्राने २००६ च्या साथीनंतर रुग्णांचा शिस्तशीर अभ्यास केला. सुरुवातीच्या दुखण्यात क्लोरोक्विनचा साध्या वेदनाशामकापेक्षा वेगळा फायदा होत नाही, हे त्या अभ्यासातून २०१४ मध्ये जगापुढे गेलं. त्याच पुण्यातल्या डॉक्टरांनी भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजणी केली होती, १९९६ पासून. गावात वेदना मोजता येते, त्याची पद्धत आहे, आणि ती महाराष्ट्रातल्याच एका गावात वापरून झालेली आहे.

ज्यांचे सांधे तीन महिन्यांनंतरही सुजलेले राहतात अशा थोड्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी औषधं लागतात. दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कुणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, माझं ते काम नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ते नीट देखरेखीखालीच हवं. पण म्हणून ते फक्त पुण्या-मुंबईतच मिळावं हे काही बरोबर नाही. बाकीच्या बहुसंख्य रुग्णांना लागतं ते साधं आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हळूहळू मिटउघड. सूज आणि चटका असेल त्या दिवशी थंड शेक, आखडलेपण असेल तेव्हा गरम. टाचेखाली मऊ चप्पल, घरातसुद्धा. खुरप्याच्या मुठीला जुनं कापड गुंडाळून ती जाड करणं, म्हणजे बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची. कुठलं दुखणं सहन करत हालचाल चालू ठेवायची आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं, हे समजावून सांगणारं कुणीतरी. हे सगळं शिकवायला एक भेट आणि नंतर पाठपुराव्याच्या दोनतीन भेटी पुरतात. औषधांच्या मानाने याला खर्च नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी आहे.

पहिली आणि सर्वांत जवळची: यंदाच्या साथीत चिकुनगुनियाच्या प्रत्येक बाधित रुग्णाची, आणि त्याच घरातल्या त्याच वेळी आजारी पडलेल्या प्रत्येकाची, तीन महिन्यांनी एकदा विचारपूस व्हावी. त्यासाठी नवं ॲप नको. तीन प्रश्न पुरे आहेत. सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण मिटते का? जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का? गेल्या आठवड्यात नेहमीचं काम पूर्ण करता आलं का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल तर तिची नोंद उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे व्हावी. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक हा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतातच, त्या भेटीला हे जोडता येईल. पण एक अट आहे: या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळायला हवा. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम टाकून हे होणार असेल तर माझा त्याला पाठिंबा नाही. त्यांच्यातल्या कित्येकींना स्वतःला चिकुनगुनिया होऊन गेला आहे आणि त्या तसल्याच सुजलेल्या पायांनी घरं फिरतात.

दुसरी: केंद्राच्या उपचारविषयक मार्गदर्शक सूचना आहेत, पण त्या मला गावपातळीवर कुणाच्या टेबलावर दिसत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी मराठीत एक पान काढा. २१ दिवसांपर्यंत काय, तीन महिन्यांपर्यंत काय, त्यानंतर काय. कुठली गोळी किती दिवसांच्या वर द्यायची नाही. मूत्रपिंडाची तपासणी कधी करायची. कुठली तपासणी विनाकारण करायची नाही. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी रुग्णाला काय सांगायचं. शेवटची ओळ गाळू नका.

तिसरी: ऑक्टोबर ते मार्च या काळात ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस सांधेदुखीचा ठरवून द्या, आणि त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट असेलच याची खात्री करा. पद रिकामं असेल तर माझ्यासारख्या खासगी काम करणाऱ्यांना मानधनावर बोलवा, आम्ही येऊ. संधिवाततज्ज्ञ राज्यात मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. त्यांना तालुक्याला आणणं शक्य नसेल तर ई-संजीवनी या शासनाच्या ऑनलाइन सल्लासेवेवर त्यांचा ठरलेला तास ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे, पण तो दाखल होणाऱ्या रुग्णाला मिळतो. ही बाई कधीच दाखल होत नाही. ती बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतच असते, आणि तिचा सगळा खर्च, गोळ्या, गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी, तिच्या पदराला असतो.

चौथी मागणी अन्न व औषध प्रशासनाशी बोलून सोडवायची आहे. बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांचे नमुने साथीच्या महिन्यांत आठवडी बाजारांतून घ्या, तपासा, आणि निकाल त्या त्या तालुक्यात जाहीर करा. कारवाई जी व्हायची ती होवो. त्या पुडीत नेमकं काय होतं हे ती खाणाऱ्या माणसाला कळणं जास्त निकडीचं आहे, कारण त्याला ती बंद करायची असेल तर ती कशी बंद करायची हे डॉक्टरला ठरवावं लागतं.

मला माहीत आहे की डास आटोक्यात आले तर हा प्रश्नच उरणार नाही, असं उत्तर येईल. डासांवर काम व्हायलाच हवं. पण हा आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, घरातल्या कूलरच्या आणि झाडाच्या कुंडीतल्या चमचाभर पाण्यात वाढतो, आणि आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात साठवणीच्या टाक्या रिकाम्या ठेवा म्हणणं कठीण आहे. लसीवरही इतक्यात विसंबता येणार नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पहिली लस मंजूर झाली, आणि तिचे गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर २०२५ मध्ये तिथला परवाना स्थगित झाला. आपल्या देशात लसीवर काम चालू आहे, पण ती यंदाच्या किंवा पुढच्या पावसाळ्यात गावागावांत पोचेल असं धरून चालता येत नाही. तोवर ज्यांना हा आजार होऊन गेला आहे त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच.

दुसरं उत्तर असं येईल की बहुतेकांचं दुखणं वर्षा-दीड वर्षात आपोआप कमी होतं. खरं आहे, पुष्कळांचं होतं, आणि ते मी माझ्या प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगते, कारण त्या एका वाक्याने चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिलेला आहे. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात दीड वर्ष म्हणजे एक पूर्ण ऊसहंगाम, एका मुलीचं कॉलेज, एक विकलेली म्हैस. दुखणं आपोआप जातं. विकलेली म्हैस परत येत नाही.

या पत्राची प्रत मी माझ्या जिल्ह्याच्या जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला दिलेली आहे. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचा मराठी फॉर्म आणि हातापायांच्या व्यायामांचं चित्रांसह एक पान मी तयार केलं आहे. कुणाही आरोग्य केंद्राला ते विनामूल्य वापरता येईल, त्यावर माझं नाव असायची गरज नाही. विभागाने एका तालुक्यापुरता जरी हा पाठपुरावा यंदाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात करून पाहायचं ठरवलं, तर प्रशिक्षणाला लागतील तेवढे दिवस द्यायची माझी आणि माझ्या तीन सहकाऱ्यांची तयारी आहे. तालुका कुठला घ्यायचा ते आपण ठरवा. ऊसतोडीला जाणारी गावं जिथे जास्त आहेत असा घेतला तर भेटी मात्र दसऱ्याच्या आत कराव्या लागतील, कारण त्यानंतर त्या बायका गावात भेटणार नाहीत. तीन महिने पूर्ण झाले नसले तरी त्यांच्यापुरता नियम शिथिल करावा, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट